आवाज आपला, बटणही आपल्याच हाती

आमच्या मेहकरात भजनाला तोटा नाही. शारंगधर बालाजीचं गाव आहे ना! १८८८ साली इथे बालाजीची ती भव्य काळ्या पाषाणाची मूर्ती सापडली आणि गावाची ओळखच ती होऊन गेली. शिवाय पंढरपूरहून परतताना शेगावच्या गजानन महाराजांची पालखी मेहकरावरून जाते. श्रावण आहे, अधिक मास आहे, गणपती-नवरात्र आहे, कार्तिकातली काकडआरती आहे, माघातला प्रकटदिन आहे. वर्षाचे बाराही महिने काही ना काही चालूच. त्यामुळे गल्लोगल्ली महिला भजनी मंडळं. दुपारची भांडीकुंडी आवरली, की बारा-पंधरा जणी सतरंजीवर जमतात. एक पेटी धरते, एक ढोलकी, बाकीच्या टाळ. संसाराचा शीण तासाभरात कुठल्या कुठे पळून जातो.

अशा मंडळांत हल्ली एक विषय हमखास निघतो. पेटी झाली, टाळ झाले, एकसारख्या साड्याही झाल्या. आता आपला स्वतःचा माईकसेट घ्यायचा का? मग कुणी म्हणतं, "पैसे आहेत हो, पण ते मशीन चालवीन कोण?" कुणी म्हणतं, "माय, आपल्याले त्यातलं काय समजते? राहू द्या, भाड्याचाच बरा." आणि विषय पुढच्या श्रावणावर जातो.

समाजकार्याच्या निमित्ताने मी अशा बऱ्याच मंडळांत, बचतगटांत जाते-येते. तिथलं एक दृश्य मला फार खटकतं. कार्यक्रम बायकांचा, गाणाऱ्या बायका, ऐकणाऱ्या बायका; पण आवाजाचं बटण मात्र कोपऱ्यात मोबाईल बघत बसलेल्या एखाद्या मुलाच्या हाती! त्याच्या मनात आलं की आवाज वाढतो, मनात आलं की घटतो. नऊ वाजले की तो घड्याळ दाखवतो. आणि कुणी तक्रार केलीच, तर त्याचं उत्तर ठरलेलं असतं, "काकू, सेट चांगला आहे. बायकायचा आवाजच चिरका येते, त्याले मी काय करू?"

मैत्रिणींनो, आजचा लेख या एका वाक्यासाठी आहे. कारण हे वाक्य खरं नाही.

चिरका कोण? आवाज की यंत्र?

ही तक्रार शंभर वर्षं जुनी आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत रेडिओ नवा होता, तेव्हा तिथेही श्रोते म्हणायचे, बाईचा आवाज रेडिओवर कर्कश लागतो. म्हणून निवेदनाची कामं पुरुषांकडे जायची. खरी गोष्ट अशी, की त्या वेळची यंत्रं आवाजाचा वरचा भाग कापून टाकत. स, त, च, क या अक्षरांचा जो धारदार भाग असतो, तो वरच्या पट्टीत असतो. तो कापला, की शब्द कळत नाहीत. बायकांच्या बोलण्यात या कापाकापीचा फटका जास्त बसायचा. मग बोलणारी जोर लावणार, तंत्रज्ञ आवाज वाढवणार, आणि ऐकणारा कानावर हात ठेवणार. दोष यंत्राचा, नाव बाईचं!

आजची यंत्रं तशी नाहीत. तरी आपल्याकडे आवाज चिरका येतो, त्याची तीन साधी कारणं आहेत. एक म्हणजे भोंगा. भोंग्यातून आवाजाचा खालचा, भरीव भाग नीट निघतच नाही. बाईचा आवाज मुळात पुरुषापेक्षा उंच. त्याचा उरलासुरला भरीवपणाही भोंगा काढून घेतो. दुसरं कारण म्हणजे बटणं. आधीच्या कार्यक्रमात एखाद्या भारदस्त आवाजाच्या महाराजांसाठी लावलेली बटणं तशीच ठेवून आपलं भजन सुरू होतं. तिसरं कारण, आपण माईकपासून हातभर दूर बसतो. मग तो मुलगा आवाज वाढवत नेतो, यंत्र शिट्टी मारण्याच्या काठावर येतं. शिट्टी वाजायच्या आधी आवाज जो 'खणखण' करायला लागतो ना, त्यालाच आपण चिरका म्हणतो.

यातलं एकही कारण आपल्या गळ्यात नाही. तिन्ही दुरुस्त होतात. त्यासाठी यंत्राची थोडी ओळख करून घ्यायला हवी. जी बाई कुकरची शिट्टी, मिक्सरचा जार आणि शिलाई मशीनचा दोरा सांभाळते, तिला हे अवघड नाही.

तीन भावंडं

माईकसेट म्हणजे तीन भावंडं. माईक, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर. माईक आपल्या आवाजाची वीज करतो. ही वीज अगदी क्षीण, एका व्होल्टच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. अ‍ॅम्प्लिफायर तिला बळ देतो. स्पीकर त्या विजेचा पुन्हा आवाज करतो. दूध, विरजण, ताक असं समजा. दूध नासकं असेल, तर पुढे कितीही घुसळा, ताक चांगलं होत नाही. तसंच माईकचं. माईक सुमार घेतला आणि अ‍ॅम्प्लिफायर भारी घेतला, तर सुमार आवाजच मोठा होऊन येतो.

म्हणून पैशाचे साधारण तीन वाटे करावेत. एक अ‍ॅम्प्लिफायरला, एक स्पीकरला आणि एक माईक, स्टँड, वायर यांना. बहुतेक जणी दुकानात अ‍ॅम्प्लिफायरवरच सगळे पैसे घालतात आणि माईक 'वरून फुकट देतो' म्हटलेला घेऊन येतात. तिथेच घोडं पेंड खातं.

ही जादू आली तरी कधी? १९१५ सालच्या नाताळाच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्को शहरात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी आपल्या यंत्रावरून हजारोंच्या गर्दीला भाषण आणि गाणी ऐकवली. त्याआधी मोठ्या गर्दीपुढे बोलायचं तर फुप्फुसाचाच जोर. आपल्या संगीत नाटकाच्या सुरुवातीच्या काळातले नटही माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवत. माईक आला आणि हळुवार गाणंही मोठ्या सभेत पोचू लागलं. आपल्या देशात १९४० पासून आहुजासारख्या कंपनीने असे सेट बनवले. खेड्यापाड्यांत तर लोक माईकसेटलाच 'आहुजा' म्हणतात.

वॅटचा फसवा आकडा

दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा देऊ?" आपल्याला वाटतं, जास्त वॅट म्हणजे जास्त चांगलं. इथे एक गंमत लक्षात ठेवा. ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर सोडून १०० वॅटचा घेतला, तर आवाज दुप्पट होत नाही. जेमतेम थोडासा वाढलेला जाणवतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात! तेव्हा 'अजून थोडे टाका अन् डबल वॅट घ्या' याला भुलू नका.

चाकावरच्या चार्जिंगच्या स्पीकरवर तर हजारांत आकडे लिहिलेले असतात. तो आकडा बहुतेक वेळा 'पीएमपीओ' नावाचा असतो. म्हणजे क्षणभराच्या उसळीचा, जाहिरातीचा. दुकानदाराला विचारायचं, "भाऊ, आरएमएस किती?" सतत चालताना खरी ताकद किती, ते हा आकडा सांगतो. हा एक प्रश्न विचारला, की समोरचा माणूस सावरून बसतो, हे पक्कं.

घरातल्या हॉलमध्ये तीस-चाळीस बायका असतील, तर खरे ३०-४० वॅट भरपूर झाले. देवळाच्या सभामंडपात शंभर-सव्वाशे बायका असतील, तर ६० ते १०० वॅट आणि दोन स्पीकर पुरतात. यापेक्षा मोठा कार्यक्रम वर्षातून एखादा. त्यासाठी तेवढ्यापुरता भाड्याने आणावा. रोज वरण-भातासाठी कुणी लग्नाचं पातेलं चुलीवर ठेवत नाही!

भोंगा की उभा खोका?

भोंगा लांबवर आवाज फेकतो. शेताच्या बांधापर्यंत निरोप पोचवायचा, तर तो ठीक. पण मंडपात बसलेल्या बायकांना अभंगाचे शब्द ऐकवायचे, तर तो नको. त्यासाठी उभा, लांबोळा खोका येतो. दुकानात त्याला कॉलम स्पीकर म्हणतात. त्यात चार-सहा छोटे स्पीकर एकावर एक असतात. तो उभा ठेवला, की आवाज डावी-उजवीकडे पसरतो, वर छताकडे फारसा जात नाही. जुन्या मंदिरांच्या दगडी सभामंडपांत आवाज घुमतो आणि शब्द एकमेकांत मिसळून जातात. तिथे तर हा खोका फार उपयोगी. घुमणाऱ्या जागेत आवाज वाढवला, की घुमणंही वाढतं, ऐकू मात्र कमीच येतं. तिथे आवाज थोडा उतरवायचा आणि सतरंज्या, पडदे वाढवायचे. माणसं बसली, की घुमणं आपोआप कमी होतं.

आता 'ओहम'. शब्द शाळेत ऐकलेला असतो, पण अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागे तो ४, ८, १६ अशा आकड्यांसोबत भेटतो. शेजारी ७० आणि १०० व्होल्टच्या जागाही असतात. स्पीकरवर जो आकडा लिहिलाय, त्याच आकड्याच्या जागी त्याची वायर जोडायची. ८ ओहमचे दोन स्पीकर सोबत जोडले, की ते मिळून ४ ओहम होतात, म्हणून त्यांची जोडी ४ च्या जागी. १०० व्होल्टचा स्पीकर असेल, तर तो १०० च्याच जागी. दोन जातींची सरमिसळ करायची नाही. एवढं चुकलं, तर अ‍ॅम्प्लिफायर तापतो, कधी जळतोही. दुकानदाराकडून जोडून घ्या आणि प्रत्येक वायरला रंगीत चिंधी बांधून ठेवा. लाल ती लाल जागी, हिरवी ती हिरव्या जागी. पुढच्या वेळी विचारायचं कामच नाही.

दुकानात जाताना

दोघी-तिघींनी मिळून जावं आणि एक कागद सोबत न्यावा. त्यावर एवढे प्रश्न लिहायचे: आरएमएस किती? माईक किती लागतात आणि प्रत्येकाला वेगळं बटण आहे का? लाईट गेली तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो का? दुरुस्ती आपल्या गावात होते का, की जिल्ह्याला न्यावं लागेल? बिल पक्कं मिळेल ना?

बॅटरीचा प्रश्न आपल्या भागात महत्त्वाचा. ऐन भजनात लाईट जाण्याचा अनुभव कुणाला नाही? चार्जिंगचा स्पीकर घेणार असाल, तर तो वापर नसला तरी महिन्याकाठी चार्ज करावा लागतो. दिवाळीला कपाटात ठेवला आणि थेट श्रावणात काढला, तर बॅटरी मेलेली मिळते.

माईक घ्यायचा तो साध्या 'डायनॅमिक' जातीचा. तो दणकट असतो, हातातून पडला तरी सहसा चालतो. तो समोरचं ऐकणारा आणि मागचं कमी ऐकणारा हवा. अशा माईकला 'कार्डिऑइड' म्हणतात. बिनवायरचा माईक दिसायला छान, पण सेल मध्येच संपतो. वायरचाच घ्या. वायरला तीन काड्यांची पिन असते, तिला दुकानात 'कॅनन पिन' म्हणतात. लांब वायरीत ती भुणभुण कमी आणते. एक जाड काडी असलेली 'पी-३८' पिन चार-पाच हात वायरीपर्यंत ठीक.

आणि सगळ्यात महत्त्वाचं! दुकानात मोबाईलवरचं सिनेमाचं गाणं वाजवून दाखवतात, त्यावर सेट पारखू नका. आपल्यातल्या एकीने तिथेच माईक हातात घेऊन अभंग म्हणायचा. दुसरीने दुकानाच्या दाराशी उभं राहायचं. शब्द न् शब्द कळला, तर सेट चांगला. लाजायचं नाही. साडी घेताना आपण पदर अंगावर टाकून बघतो, तसंच हे.

बसवायचं कसं?

सेट आला. आता मांडणी. स्पीकर नेहमी माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून. भजन म्हणणाऱ्या बायका स्पीकरच्या मागे. हा एक नियम पाळला, तर निम्मी शिट्टी तिथेच बंद होते. शिट्टी म्हणजे तरी काय? स्पीकरमधला आवाज फिरून माईकमध्ये जातो, तिथून पुन्हा मोठा होऊन स्पीकरमध्ये, पुन्हा माईकमध्ये. दोन आरसे समोरासमोर ठेवल्यावर जसं होतं, तसं.

स्पीकर जमिनीवर ठेवू नका. पहिल्या रांगेतल्या बायकांच्या अंगातच आवाज जिरतो आणि मागच्या आजींना काही ऐकू येत नाही. श्रोते सतरंजीवर बसणार असतील, तर स्पीकर चार-पाच फूट उंचीवर, तोंड किंचित खाली झुकवून. माईक तोंडापासून चार बोटांवर. अंतर दुप्पट केलं, की माईकपर्यंत पोचणारा आवाज निम्मा होतो, म्हणून आठ बोटांवर गेलात की फरक लगेच दिसतो. माईकची जाळी मुठीत धरायची नाही, तसं केलं की हमखास शिट्टी.

माईक जेवढे कमी, तेवढं बरं. प्रत्येक चालू माईक शिट्टीला आणखी एक दार उघडून देतो. मुख्य गाणारीला एक, पाठीमागे म्हणणाऱ्या दोघी-तिघींत एक. एवढे पुरतात. पेटीला, ढोलकीला लहान जागेत माईक लागतच नाही. टाळ वाजवणाऱ्या माईकच्या पाठीमागच्या बाजूला बसवाव्यात. नाहीतर शब्द बाजूला आणि टाळच टाळ!

बटणांची ओळख

लाईट लावण्याआधी सगळी बटणं शून्यावर. आधी माईक, वायर जोडायच्या, शेवटी अ‍ॅम्प्लिफायर चालू करायचा. बंद करताना आधी अ‍ॅम्प्लिफायर. हा क्रम पाळला, तर 'धप्प' असा आवाज येत नाही आणि स्पीकर फाटत नाही.

मग मुख्य बटण, म्हणजे मास्टर, मध्यापर्यंत. एकीने गायचं आणि तिच्या माईकचं बटण हळूहळू फिरवायचं. शिट्टीची चाहूल लागली, की थोडं मागे आणायचं. तीच आपली जागा. तिथे नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा! 'बास' थोडा कमी, म्हणजे बोलताना होणारं भुभु जातं. 'ट्रेबल' मध्यावर. आवाज टोचला तर किंचित डावीकडे, शब्द कळेनासे झाले तर किंचित उजवीकडे. ही दोन बटणं म्हणजे मीठ आणि तिखट. चिमूट-चिमूट टाकून चाखायचं, एकदम मूठ नाही. आणि 'इको' बंद. इको लावला की सिनेमासारखं वाटतं खरं, पण अभंगातला शब्द हरवतो. शब्द हरवला तर मुक्ताबाई, जनाबाई ऐकायच्या कशा?

नीट लावलेल्या सेटचा आणखी एक फायदा आहे. ओरडून गायची गरज राहत नाही. नवरात्राच्या नऊ दिवसांनंतर आवाज बसलेल्या कितीतरी जणी भेटतात. शाळेत शिकवणाऱ्या, अंगणवाडीत बोलणाऱ्या मैत्रिणींना तर हा त्रास नेहमीचा. घसा सारखा ताणला, की स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला राहिला, तर हळद-दुधावर न थांबता कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा.

विजेशी खेळ नको

वायरी जाण्या-येण्याच्या वाटेवर नकोत. लागल्याच तर त्यावर सतरंजी घालून चिकटपट्टी लावा. अ‍ॅम्प्लिफायरची तीन काड्यांची पिन असते. तिसरी काडी अर्थिंगची. भुणभुण येते म्हणून कुणी ती काडी तोडून देत असेल, तर तोडू देऊ नका. ती आपला जीव वाचवते. माईक धरल्यावर हाताला झिणझिण्या आल्या, तर 'होते कधी कधी' म्हणून सोडू नका. सेट लगेच बंद करा, इलेक्ट्रिशियनला बोलवा. देवळात धुतलेल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून, ओल्या हाताने माईक धरायचा नाही. मंडपाच्या लाईनवर गळती झाली की आपोआप बंद होणारा स्विच, आरसीसीबी, बसवून घेतला तर फारच उत्तम.

घरात गिटार असेल तर

आता थोडं आपल्या लेकींविषयी. लहान गावांतल्या मुलीही हल्ली गिटार शिकतात. गॅदरिंग जवळ आलं की घरी प्रश्न येतो, "आई, मंडळाच्या सेटला माझी गिटार जोडू?" लाकडी, पोकळ गिटार असेल आणि तिला पिन लावायची सोय नसेल, तर तिच्यासमोर माईक ठेवायचा. पिनची सोय असेल, तर ती सेटच्या 'लाईन' किंवा 'ऑक्स' लिहिलेल्या जागी चालते. कॅसिओही तिथेच. मात्र सपाट, विजेवरची गिटार असेल, तर तिला तिचा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. माईकच्या जागी जोडली, तर ती मेल्यासारखी वाजते. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आवाजाला मुद्दाम रंग देतो, म्हणूनच त्यावर भजन किंवा भाषण चांगलं लागत नाही. दोघांची कामं वेगळी.

घरच्या सरावाला १० ते २० वॅटचा, स्पीकर आतच असलेला छोटा खोका पुरे. त्याला हेडफोनची जागा आहे का, ते आधी बघा. ती असली, की लेक रात्री सराव करू शकते आणि शेजारच्या वहिनींची झोपही मोडत नाही. सुरुवातीला 'क्लीन' बाजू, सगळी बटणं मध्यावर, आवाज कमी. मग कानाला बरं वाटेल तसं एकेक बटण फिरवायचं. गॅदरिंगला या खोक्यासमोर मंडळाचा एक माईक ठेवला, की झालं. आणि एक सूचना लिहून ठेवा. विजेवरच्या गिटारच्या तारा अर्थिंगला जोडलेल्या असतात. एका हातात तार आणि ओठाजवळ माईक असताना कुठल्याही एका यंत्राचं अर्थिंग बिघडलेलं असेल, तर मुलीला जोराचा धक्का बसू शकतो. दोन्ही यंत्रं एकाच, तपासलेल्या बोर्डावर लावा.

"मुलीच्या जातीला कशाला हा धिंगाणा?" म्हणणारे भेटतीलच. त्यांना सांगा, मुलाने मागितलं असतं तर काय उत्तर दिलं असतं, तेच इथेही द्या.

दहाची वेळ

स्वतःचा सेट आला, म्हणजे जबाबदारीही आली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो उघड्यावर लावता येत नाही. सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं, तेवढीच. म्हणजे सहाच्या आतल्या काकडआरतीला माईक नको. तशीही पहाटेची काकडआरती नुसत्या गळ्याने आणि टाळाने जेवढी गोड लागते, तेवढी माईकवर लागत नाही. राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र, तिथे ती आणखी कमी.

कानाचंही गणित आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास ऐकला, तर ती कानाची सहन करण्याची सीमा मानतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला जेमतेम पाव तास! मिरवणुकीतल्या भिंतींपुढे लेकरं खांद्यावर घेऊन उभ्या राहणाऱ्या आयांनी हे लक्षात ठेवावं. गेलेलं ऐकू येणं पुन्हा येत नाही.

आपल्या मंडळाने एवढं ठरवावं, की आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईल, त्यापुढे नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गल्लीत दहावी-बारावीची मुलं असतात, कुणाकडे आजारी माणूस असतं. त्यांच्याकडे आधी जाऊन एक शब्द बोलून यावं. देवाला सगळं ऐकू येतंच की!

चावी कुणाकडे?

सेट घेतल्यावर पहिल्याच बैठकीत दोन नावं ठरवा. सेट लावणाऱ्या दोघी. एक चाळिशीतली आणि एक कॉलेजातली असली, तर फार छान. एकीला अडचण आली, तर दुसरी. वहीत लिहा, सेट कधी नेला, कुणी नेला, वायरी मोजून परत आल्या का. बाहेर भाड्याने देणार असाल, तर रक्कम आधी ठरवा आणि सेटसोबत आपल्यातली एक जण जाईल, ही अट घाला. त्यातून दुरुस्तीचा खर्च निघतो आणि तिच्या हातालाही चार पैसे येतात.

हा सेट भजनापुरता ठेवू नका. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला शेजारच्या सिंदखेडराजात जिजाऊंचा जन्मोत्सव. त्या दिवसांत गल्लीतही कार्यक्रम होतात. बचतगटाची सभा असते, आरोग्याची शिबिरं असतात. खेड्यांत ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा नियम आहे. २०११ पासून आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पण सभेत माईक फिरत फिरत बायकांच्या बाजूला येईपर्यंत चहा आलेला असतो! भजनात माईक धरायची सवय झालेला हात तिथेही पुढे होतो, हे मी पाहिलं आहे. पाणी का येत नाही, रेशन का मिळालं नाही, हे विचारणारा आवाजही मग थरथरत नाही.

तेव्हा येत्या बैठकीत विषय पुढच्या श्रावणावर ढकलू नका. कागद घ्या, प्रश्न लिहा आणि दुकानात जाऊन एक अभंग म्हणून बघा. आणि यानंतर कुणी म्हणालं, "बायकायचा आवाज चिरका येते," तर भांडू नका. शांतपणे उठा, सेटजवळ जा आणि ट्रेबलचं बटण जरासं डावीकडे फिरवा.